तीन पंच, 120 दिवस: न्यू मेक्सिकोतल्या पाटसमितीचं एक प्रकरण

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तरेला रिओ अरिबा काउंटी आहे. आकारानं जवळपास आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी, सुमारे 15,000 चौरस किलोमीटर. वस्ती मात्र 2020 च्या जनगणनेत जेमतेम 40,000. डोंगरातला बर्फ वितळला की नद्या वाहतात, आणि त्या नद्यांचं पाणी मातीच्या पाटांनी शेतात जातं. स्पॅनिश वसाहतकार 1598 पासून या भागात येऊ लागले, त्यांच्याबरोबर ही पद्धत आली. पाटाला तिथे आसेकिया म्हणतात. राज्यात आजही असे सुमारे 700 पाट चालू आहेत.

प्रत्येक पाटावर तीन निवडलेले पंच आणि एक मायोर्दोमो असतो. पंचांमध्ये एक अध्यक्ष, एक सचिव, एक खजिनदार. मायोर्दोमो म्हणजे आपला पाटकरी: पाळ्या लावणं, दारं उघडणं-बंद करणं, चोरीच्या पाण्यावर नजर ठेवणं ही त्याची कामं. धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीची माहिती असणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. पंच बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतात, पाटकऱ्याला थोडं मानधन मिळतं. तरी कायद्याच्या दृष्टीनं ही मंडळी म्हणजे राज्याचाच एक छोटा घटक. सार्वजनिक संस्थेला लागू होणारे सभांचे आणि हिशेबांचे नियम त्यांनाही लागू. दिवसा शाळेची बस चालवणारा किंवा गुरं राखणारा माणूस संध्याकाळी एका सरकारी मंडळाचा सचिव असतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

एन्सेनाडाचा वाद

काउंटीचं मुख्यालय तिएरा अमारिया. 1832 मध्ये मेक्सिकन सरकारनं इथली जमीन वसाहतीसाठी दिली, त्यात गावाची सामाईक चराऊ राने आणि जंगलही होतं. 1848 मध्ये हा मुलूख अमेरिकेकडे गेला, पुढे नोंदी झाल्या त्या खासगी मालकीच्या, आणि सामाईक जमीन हातची गेली. 5 जून 1967 ला जमीनहक्कासाठी लढणाऱ्या सशस्त्र गटानं इथल्या न्यायालयाच्या इमारतीवर धाड घातली, ती याच रागातून. इतकी पार्श्वभूमी लक्षात ठेवली की 1980 च्या दशकातला पाण्याचा वाद इतका का पेटला ते कळतं. जमीन कागदावरून गेली होती. आता पाण्याची पाळी होती.

तिएरा अमारियाजवळच्या एन्सेनाडा परिसरात एका कंपनीला पर्यटकांसाठी विश्रामस्थळ उभारायचं होतं आणि त्यासाठी तळं भरायचं होतं. न्यूट्रियास ओढ्यावरचा एका शेतकरी दांपत्याचा पाणीहक्क या कामी वळवायचा ठरला. न्यू मेक्सिकोत पाणीहक्क जमिनीपासून सोडवून विकता येतो, फक्त त्याला राज्य अभियंत्याची, म्हणजे पाणीहक्कांचा कारभार बघणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते. रीत अशी: अर्जाची जाहिरात वर्तमानपत्रात सलग तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, आणि शेवटच्या जाहिरातीनंतर 10 दिवसांत हरकत. पाटाच्या बाजूनं हरकत घेतली गेली. अभियंत्यानं तरीही परवानगी दिली. प्रकरण जिल्हा न्यायालयात गेलं.

एप्रिल 1985 मध्ये न्यायाधीश आर्ट एन्सिनियास यांनी परवानगी फिरवली. त्यांच्या निकालाचा आशय असा: या खोऱ्यातली जमीन, पाणी आणि माणसांचं नातं डॉलरमध्ये मोजता येत नाही, आणि शंभराहून अधिक वर्षं शेतीला दिलेलं पाणी पैसेवाल्यांच्या खेळासाठी देणं हा तोट्याचा सौदा आहे. हा निकाल आजही भाषणांतून ऐकवला जातो. तो पुढे टिकला नाही, ही गोष्ट मात्र भाषणात सहसा येत नाही. 1988 मध्ये अपील न्यायालयानं तो उलटवला. कारण साधं होतं. अर्ज केला तेव्हाच्या कायद्यात तपासायचा मुद्दा मुख्यतः एकच होता: या बदलामुळे दुसऱ्या कुणाच्या पाणीहक्काला बाधा येते का? तशी बाधा सिद्ध झाली नव्हती. ‘लोकहित’ हा निकष हक्क वळवण्याच्या कलमात आला तो 1985 च्या दुरुस्तीनं, आणि अर्ज त्याआधीचा होता.

म्हणजे गावाची बाजू न्यायाधीशाला पटली होती, पण ती ज्या कप्प्यात ठेवायची तो कप्पाच कायद्यात नव्हता. शिवाय हा सगळा खटला हरकतदारांच्या खर्चानं चालला. पाणी जाणार ते पाटातून, पण पाटाच्या पंचांची संमती घ्यावी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. जाहिरात नजरेतून सुटली असती तर तेवढंही घडलं नसतं.

एक हक्क गेल्यानं नेमकं काय बिघडतं

‘त्यांचं पाणी त्यांनी विकलं, तुमचं काय गेलं?’ हा प्रश्न दरवेळी विचारला जातो, आणि पंचांना त्याचं उत्तर आकड्यांत देता आलं पाहिजे. खालचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत.

समजा नदीवरच्या बांधापाशी पाटात सेकंदाला 100 लिटर पाणी येतं. पाट मातीचा, लांबी 5 किलोमीटर. वाटेत 35 लिटर मुरतं, शेतांना 65 मिळतं. आता दहा टक्के हक्क विकले गेले आणि मुखाशी 100 ऐवजी 90 लिटरच घ्यायचे ठरले. पाट ओला राहायला जवळपास तेवढीच माती भिजावी लागते, त्यामुळे मुरणं 35 च्या आसपासच राहतं. शेतांना उरतात 55. पूर्वी विकणाऱ्याचा वाटा वगळून इतरांना 58.5 लिटर मिळत होते. त्यांनी काहीच विकलं नाही, तरी त्यांचे साडेतीन लिटर गेले. ही तूट सगळ्यांना सारखी बसत नाही. मुखाकडच्याला पाण्याचा जोर तसाच मिळतो, शेपटाकडच्या शेतात पाणी चढायचंच थांबतं.

दुसरा हिशेब श्रमाचा. मार्चच्या सुमारास पाटाची सफाई होते, तिला लिम्पिया म्हणतात. हक्काच्या प्रमाणात प्रत्येकानं माणूस पाठवायचा, नाही तर मजुरी भरायची. 60 हक्क असतील तर 5 किलोमीटरमध्ये एका हक्कामागे सुमारे 83 मीटर पाट वाट्याला येतो. सहा हक्क गेले की तोच आकडा 93 मीटरच्या घरात जातो. वर्षाचा खर्च 6,000 डॉलर असेल तर हक्कामागची पट्टी 100 वरून 111 डॉलरवर. पाटाची लांबी कमी झाली नाही, बांधाचं दार लहान झालं नाही, वाटेकरी तेवढे घटले. दार बदलायची वेळ आली किंवा पुरानं बांध वाहून गेला की हा फरक टोचतो.

शिवाय मधलं एखादं शेत कोरडं पडलं की त्याच्या हद्दीतल्या पाटाकडे कुणी बघत नाही. विलोची झुडपं वाढतात, गोफर नावाचे घुशीसारखे प्राणी काठात बिळं करतात, आणि पहिल्या मोठ्या पाण्याला काठ तिथेच फुटतो.

2003 चा बदल

पाटांच्या संघटनांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर 2003 मध्ये विधिमंडळानं पाटपंचांना थेट अधिकार दिला. पाटावरचा हक्क बाहेर न्यायचा असो किंवा बाहेरचा हक्क पाटावर आणायचा असो, पाटाच्या नियमावलीत तशी तरतूद असेल तर पंचांची मंजुरी लागते. अधिकाराच्या मर्यादाही त्याच कलमांत आहेत. नकार देता येतो तो एकाच कारणानं: बदलामुळे पाटाचं किंवा त्याच्या हक्कदारांचं नुकसान होईल, असं पंचांना आढळलं तर. निर्णय लेखी हवा, त्यात कारणं हवीत. नाराज झालेला अर्जदार किंवा हक्कदार 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो. पंचांनी लबाडी केली, मनमानी केली किंवा कायदा पाळला नाही असं दिसलं, तरच न्यायालय निर्णय रद्द करतं किंवा परत पाठवतं.

अर्जदारांनी यालाही आव्हान दिलं. राज्यघटनेप्रमाणे पाण्याच्या वादात न्यायालयानं सगळा पुरावा नव्यानं तपासायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. हे प्रकरणही रिओ अरिबा काउंटीतल्याच हर्नांडेसच्या पाटावरचं. या निकालानं पंचांचं वजन वाढलं आणि जबाबदारीही. न्यायालय पुरावा नव्यानं घेणार नसेल, तर पंचांच्या फाइलमध्ये जे नाही ते जवळपास घडलंच नाही.

आणखी एक अट, जिच्यात सर्वांत जास्त पाट अडकू शकतात. राज्य अभियंता अर्ज मंजूर करण्याआधी पंचांच्या मंजुरीचं प्रतिज्ञापत्र मागतो, किंवा अशी अट या पाटाला लागू नाही असं प्रतिज्ञापत्र. पण पंचांनी 120 दिवसांत काहीच निर्णय दिला नाही, तर अर्जदार स्वतः तसं प्रतिज्ञापत्र देतो आणि गाडी पुढे जाते. आपल्याकडच्या सवयीनं ‘बघू, पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हटलं की पाणी गेलंच.

120 दिवस कसे वापरायचे

घड्याळ अर्ज मिळाल्यापासून चालू होतं, म्हणून पहिलं काम अर्जावर मिळाल्याची तारीख घालणं आणि अर्जदाराला सहीची पोच देणं. पाटाला कार्यालय नसतं. अर्ज सचिवाच्या घरी टपालानं येतो, आणि बिलांच्या गठ्ठ्यात दोन आठवडे पडला तर ते दोन आठवडे पंचांच्याच खात्यातून जातात.

त्याच आठवड्यात नियमावली काढून बघायची. मंजुरीची तरतूद आहे का, ती कोणत्या तारखेच्या सर्वसाधारण सभेत संमत झाली, त्या सभेची सूचना कशी दिली, मतं किती पडली. तयार मसुदा आणून पंचांनीच सह्या केलेल्या असतील तर तो हक्कदारांनी संमत केलेला नियम ठरत नाही. अर्ज आल्यानंतर घाईनं केलेला नियम त्या अर्जाला लावायला गेलं की वाद ठरलेला. एक प्रत काउंटी क्लार्ककडे, म्हणजे काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवून ठेवली की तारखेवरून भांडण राहत नाही.

मग अर्जदाराकडून कागद मागवायचे: हक्काच्या मालकीचा पुरावा, किती एकर, जमिनीचा नकाशा, हक्क किती जुना, गेल्या काही वर्षांत तिथे खरंच पाणी दिलं का, पाणी कुठे आणि कशासाठी जाणार. इथे पाटाची स्वतःची यादी उघडी पडते. जमीन नातवाकडे, नाव अजून आजोबांचं, आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. अशा यादीवर सूचना पाठवल्या तर ‘मला कळवलंच नाही’ म्हणणारे निघतात. यादी दरवर्षी निवडणुकीच्या सभेत वाचून दुरुस्त करणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

सुनावणीची तारीख साधारण साठाव्या दिवसाच्या आत ठेवावी, म्हणजे एकदा पुढे ढकलली तरी मुदत हाती राहते. विषयपत्रिका सभेच्या किमान 72 तास आधी लोकांना मिळाली पाहिजे. इतिवृत्ताचा मसुदा कामाच्या 10 दिवसांत तयार हवा. सभेत अर्जदाराला पूर्ण बोलू द्यायचं, मग हक्कदारांना, मग पाटकऱ्याला. ध्वनिमुद्रण करावं. तिघांच्या मंडळात टिपणं घेणारा सचिव हाच मत देणारा पंच असतो, आणि दोन्ही कामं एकदम नीट होत नाहीत.

पाटकऱ्याचा पुरावा सगळ्यात मोलाचा. मुखाशी आणि शेपटाशी पाणी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पाटाचा 30 मीटरचा सरळ तुकडा निवडायचा, रुंदी आणि खोली तीन ठिकाणी मोजून सरासरी काढायची, वरच्या खुणेला संत्रं सोडायचं आणि खालच्या खुणेपर्यंतचे सेकंद मोजायचे. संत्रंच का, तर ते जवळपास बुडून वाहतं, वाऱ्यानं ढकललं जात नाही. रुंदी 1 मीटर, खोली 0.3 मीटर आणि 75 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जलद धावतं म्हणून 0.85 नं गुणायचं. 0.3 × 0.4 × 0.85, म्हणजे सेकंदाला सुमारे 102 लिटर. हेच खाली जाऊन करायचं, आणि दोन जागांमधली शेतांची दारं तेवढा वेळ बंद ठेवायची, नाही तर शेतात गेलेलं पाणी मुरल्यात धरलं जातं. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर आकडा भरवशाचा.

पण अर्ज 1 नोव्हेंबरला आला तर 120 वा दिवस 1 मार्चला येतो, आणि तेव्हा पाट कोरडा असतो. मोजायला पाणीच नाही. जाणता विकणारा हे बरोबर साधतो. त्यावर उपाय एकच: अर्ज असो वा नसो, दर उन्हाळ्यात जून आणि ऑगस्टमध्ये मोजून पाटकऱ्याच्या वहीत तारखेसह लिहून ठेवायचं.

निर्णय कसा लिहायचा? ‘आमची परंपरा धोक्यात येते, सबब अर्ज नामंजूर’ हे वाक्य 1985 च्या निकालाच्या जवळचं आहे आणि न्यायालयात तितकंच कच्चं. त्याऐवजी: हक्क गेल्यावर शेपटाच्या अमुक शेतांना अमुक लिटर कमी मिळेल, मोजणी अमुक तारखांची, सफाईचा वाटा माणशी इतक्यावरून इतका होईल, बांधाच्या दुरुस्तीचं इतकं कर्ज बाकी आहे आणि ते कमी जणांवर पडेल. परंपरेचा उल्लेख जरूर करावा, पण आकड्यांच्या मागून. आणि नुकसान दिसत नसेल तर मंजुरी द्यावी लागते. पाटावरचा हक्क त्याच पाटावर दुसऱ्या शेताला द्यायचा असेल तर अडवायला बहुतेक वेळा कारणच सापडत नाही. जुन्या भांडणापायी तो अडवला तर मनमानीचा ठपका हमखास.

तिघांच्या मंडळाची खोड

तिघांपैकी दोघे म्हणजे गणपूर्ती. त्यामुळे दोन पंच कुंपणापाशी उभे राहून ‘त्या अर्जाचं काय करायचं?’ असं बोलले, तर कायद्यानं ती सूचना न देता घेतलेली सभा ठरू शकते. फोन आणि संदेशांनाही हेच लागू. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला विचारून मत जुळवणंही चालत नाही. शेजारी राहणाऱ्या, एकाच चर्चमध्ये जाणाऱ्या माणसांना हे पाळणं अवघड जातं, पण चांगला निर्णय एवढ्याशा कारणानं उडू शकतो. पाणी किती सोडलं, दार गंजलं का, अशी माहिती पाटकरी एकेका पंचाला देऊ शकतो. निर्णयाची चर्चा सभेतच.

नातेसंबंधांचं दुखणंही आहे. लहान खोऱ्यात अर्जदार एखाद्या पंचाचा चुलतभाऊ निघतोच. एक पंच बाजूला झाला तर दोघांत काम चालतं, पण दोघांची मतं फुटली की निर्णयच होत नाही, आणि दिवस पळत राहतात. दोघांना बाजूला व्हावं लागलं तर गणपूर्तीच राहत नाही. अशा वेळी बदली पंच कोण, हे नियमावलीत आधीच लिहिलेलं हवं.

विकण्याआधीचा मार्ग

हक्क विकायला निघालेला प्रत्येकजण पैशासाठी निघत नाही. मुलं आल्बुकर्की शहरात नोकरीला गेली, वडील थकले, शेत पडीक. चार वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जाण्याची भीती असते: अभियंत्याची नोटीस येते, आणि त्यानंतर वर्षभरात वापर सुरू झाला नाही तर हक्क बुडतो. बुडण्यापेक्षा विकलेला बरा, असा विचार माणूस करणारच.

2003 मध्येच पाटांना पाणीपेढी चालवायची मुभा मिळाली. वापर नसलेला हक्क काही काळ पाटाकडे ठेव म्हणून ठेवायचा. पंच ते पाणी त्याच पाटावर दुसऱ्याला देतात, मूळ मालकाचा हक्क शाबूत राहतो, पाटाचं पाणी पाटातच राहतं. महाराष्ट्रातही 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याचा वापरहक्क वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर हस्तांतरित करण्याची कल्पना आहे, त्यामुळे इथल्या पाणीवापर संस्थांनाही या पेढीची नोंदवही बघण्यासारखी आहे. त्या वहीत ठेव ठेवल्याची तारीख, एकर, मुदत, पाणी सध्या कोण वापरतो आणि परत मागायची रीत, एवढं असतं. परत मागणी हंगामाच्या आधी, म्हणजे लिम्पियापूर्वी यावी अशी अट घातलेली बरी. जूनमध्ये मागणी आली तर ज्यानं त्या पाण्यावर अल्फाल्फा (लसूणघास) लावला आहे तो अडकतो. ठेवीच्या काळातली पट्टी आणि सफाईचा माणूस मालकानं द्यायचा की वापरणाऱ्यानं, हे ठेव स्वीकारतानाच दोघांच्या सहीनं लिहून घ्यावं.